रंग बदलणाऱ्या पाहुण्याचे आरोग्य

व्यापारी पेठेत एखाद्याने दिलेला शब्द फिरवला, की ‘सरड्यासारखे रंग बदलतो’ असे म्हणण्याची रीत आहे. ज्या प्राण्यावरून ही म्हण रूढ झाली, त्याच्यावर मात्र तिने थोडा अन्यायच केला आहे. रंग पालटणारा खरा सरडा, म्हणजे कॅमेलिऑन, कोणाला फसविण्यासाठी रंग बदलत नाही. त्याला थंडी वाजली की तो काळवंडतो, कारण गडद अंग ऊन लवकर शोषते. प्रतिस्पर्धी नर समोर आला की तो भडक होतो, भ्याला की अंगावर डाग उमटतात आणि गाढ झोपला की फिका पडतो. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये या रंगबदलाचे मूळ उघड केले. या प्राण्याच्या त्वचेतील पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना ते एकमेकांजवळ असतात, उत्तेजित झाला की त्यांच्यातील अंतर वाढते आणि त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश निळ्याहिरव्याकडून पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. म्हणजे या प्राण्याचे अंग ही त्याच्या मनःस्थितीची आणि प्रकृतीची उघडी रोजकीर्द आहे. ती वाचता येणे हेच त्याला निरोगी ठेवण्याचे पहिले सूत्र होय.

हा विषय या पानांवर येण्यास कारण आहे. अमेरिकेत आणि युरोपात स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले आज कुत्र्या-मांजरांइतक्याच सहजतेने सरडे, कासवे आणि साप घरात आणतात. तेथील दुकानांतून कॅमेलिऑन मिळतो. वाढदिवसाची भेट म्हणून तो घरी येतो, पहिले दोन महिने सर्वांच्या कौतुकाचा विषय होतो आणि अनेकदा वर्ष पुरे होण्याआधीच पिंजऱ्याच्या तळाशी निश्चल सापडतो. मूल रडते, आई-वडील हळहळतात आणि ‘हा प्राणीच नाजूक’ असा निष्कर्ष निघतो. प्राणी नाजूक आहे, हे खरे. पण त्याच्या मृत्यूचे कारण बहुतेक वेळा आजार नसून दिव्याची, पाण्याची किंवा खाद्याची चूक असते आणि ती चूक महिनोन्महिने कोणाच्या लक्षात आलेली नसते.

आपल्याकडे बागेत कुंपणावर मान डोलावणारा जो सरडा दिसतो, तो हा नव्हे. भारतात खरा कॅमेलिऑन एकच. त्याला काही भागांत सरडगुहिरा म्हणतात. द्वीपकल्पातील कोरड्या रानांत तो आढळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही प्रेमळ असो. शेतावर किंवा रस्त्यावर तो जखमी अवस्थेत सापडल्यास वन विभागाला कळवावे, एवढेच गृहस्थाचे काम. विदेशी जातींचेही भारतात आता मोकळे रान राहिलेले नाही. धोक्यातील प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्टांत पाळले जाणारे कॅमेलिऑन समाविष्ट आहेत. २०२२ च्या कायदा-दुरुस्तीने आणि त्यानंतरच्या २०२४ च्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक केले आहे. कागदपत्रांविना कोणी पिशवीतून आणून देऊ लागला, तर तो माल घेऊ नये. बिल नसलेला माल दुकानात ठेवण्याचे परिणाम व्यापाऱ्याला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परदेशातील घरांत प्रामुख्याने दोन जाती दिसतात. एक ‘व्हेल्ड’, म्हणजे डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असलेला, मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातील. दुसरा ‘पँथर’, मादागास्करच्या उत्तर व पूर्व किनाऱ्याकडील, अधिक रंगीत आणि अधिक महाग. व्हेल्ड काटक, म्हणून नवशिक्याला तोच दिला जातो. चांगली निगा मिळाल्यास नर सहा-सात वर्षे जगतो, मादी त्याहून कमी. येथे दिलेली माहिती मुख्यतः याच जातीला लागू आहे.

आणण्यापूर्वीचा प्रश्न

प्राणी घरी आणण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कुटुंबाने एकत्र बसून द्यावे, कारण पुढे ते टाळता येत नाही. कॅमेलिऑन जिवंत कीटक खातो. व्हेल्ड जातीचे प्रौढ पाने, फुले आणि क्वचित फळांचे तुकडेही खातात. यावरून काही घरांत असा समज होतो, की हळूहळू सवय लावून त्याला शाकाहारी करता येईल. तसे होत नाही. केवळ पानांवर ठेवलेला कॅमेलिऑन उपासमारीने मरतो आणि ते मरण मंद असते. ज्या घरात कंदमूळही शिजत नाही, त्या घराच्या कोपऱ्यात रातकिड्यांचा डबा ठेवावा लागेल, दर आठवड्याला तो भरून आणावा लागेल आणि हे पाच-सहा वर्षे चालेल. काही कुटुंबे हे मान्य करतात, काहींना ते मान्य होणार नाही. दुसऱ्या बाजूला असणाऱ्यांनी मुलाला स्पष्ट नकार द्यावा. तो नकार मुलाला आठवडाभर बोचेल. पण प्राणी आणून मग त्याच्या जिभेवर आपले व्रत लादणे ही दोन्हीकडची हानी आहे. येथे अर्धा मार्ग नाही.

एवढे मात्र नमूद करण्यासारखे आहे, की हा प्राणी स्वभावतःच दिवसा जेवतो आणि अंधार पडला की झोपतो. दिवे मालवण्यापूर्वी पिंजऱ्यात उरलेले किडे काढून घ्यावे लागतात, नाहीतर रात्री तेच त्याच्या अंगाला चावे घेतात.

दुसरी बाब घरातील माणसांची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि प्राणी पूर्ण निरोगी दिसत असतानाही ते असू शकतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला असा, की पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील माणसे आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांच्या घरी असे प्राणी ठेवू नयेत. आजी-आजोबा आणि नातवंडे एका छपराखाली राहणाऱ्या घराने हे विचारात घ्यावे. प्राणी आणलाच, तर पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा, त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नयेत आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी ताटावर बसू नये.

घर, दिवा, पाणी

कॅमेलिऑन झाडावर राहणारा, एकलकोंडा प्राणी आहे. त्याला जोडीदार आणून देणे ही माणसाची कल्पना. त्याच्या दृष्टीने तो अखंड ताण आहे. आरशात किंवा काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले तरी तो दिवसभर भांडणाच्या पवित्र्यात राहतो. म्हणून प्रौढासाठी सुमारे दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच असा जाळीचा, हवा खेळती राहील असा पिंजरा पसंत केला जातो. आत आडव्या-तिरप्या फांद्या आणि जिवंत झाडे हवीत. मनीप्लांट, जास्वंद आणि बारीक पानांचा फायकस ही त्यासाठी नेहमीची झाडे. पिंजरा जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा. डोक्यावरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला शिकारी पक्षी वाटते. माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा वर बसायला मिळाले की तो निवांत होतो.

उष्णतेसाठी वरच्या एका फांदीवर दिवा असतो. त्या ठिकाणी सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि खालच्या भागात २२ ते २६ अंश अशी रचना असावी, म्हणजे तो स्वतःच हवी ती जागा निवडतो. रात्री तापमान उतरलेलेच बरे, आणि पूर्ण अंधारही हवा. लाल दिव्याचा त्याला त्रास होतो. उष्णतेचा दिवा जाळीला चिकटून ठेवल्यास डोक्यावरील तुरा भाजतो. अंग भाजत असताना तो नेहमी बाजूला सरकेलच असे नाही, म्हणून अंतर माणसानेच मोजावे. हाताचा पंजा फांदीच्या उंचीवर धरून चटका बसतो का, हे पाहणे सर्वांत सोपे.

दुसरा दिवा अतिनील-ब किरणांचा आणि सर्वाधिक घात होतो तो याच दिव्यापाशी. या किरणांमुळे प्राण्याच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होते. त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीतून येणारे ऊन पुरेसे आहे, असा समज फार रूढ आहे. पण खिडकीची काच हे किरण जवळजवळ सर्व अडवते. पिंजऱ्याच्या वर लांब नळीचा टी-५ प्रकारचा दिवा लावावा. तो दिवसाला बारा तास चालावा आणि त्याखाली किती अंतरावर फांदी ठेवायची, हे उत्पादकाच्या सूचनेनुसार ठरवावे. खरी अडचण पुढे आहे. हा दिवा वर्षानंतरही लख्ख पेटतो, त्यातून निघणारे अतिनील किरण मात्र तोवर बरेच क्षीण झालेले असतात. डोळ्यांना उजेड दिसतो, म्हणून तो बदलण्याचे कोणाला सुचत नाही. वहीत मालमत्ता पूर्ण किमतीने उभी, प्रत्यक्षात तिचा घसारा होऊन गेलेला, असाच हा प्रकार. नळीच्या टोकावर बसविल्याची तारीख लिहून ठेवावी आणि प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी.

पाण्याचे भांडे त्याला कळत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब चाटणे एवढीच त्याची पिण्याची रीत. म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर बारीक फवारा द्यावा, किंवा वरून थेंब-थेंब पाणी पडेल अशी बाटली टांगावी. फवारा दोन-तीन मिनिटे चालू ठेवावा लागतो, कारण पहिल्या काही सेकंदांत तो केवळ डोळे मिटून घेतो. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा वाळला पाहिजे. सतत ओलसर, हवा न खेळणारी जागा फुप्फुसाच्या आजारास आमंत्रण देते.

रातकिड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. म्हणून खाऊ घालण्यापूर्वी किड्यांनाच एक-दोन दिवस हिरवा पाला, भोपळा, गाजर असे चांगले खाद्य देतात आणि देताना त्यांवर कॅल्शियमची भुकटी हलकेच लावतात. ड-३ असलेली जीवनसत्त्वांची भुकटी मात्र पंधरवड्यातून एकदाच. औषध जास्त दिले की लवकर गुण येतो, हा हिशेब येथे उलटा पडतो. अतिरेकाने गळ्याला सूज येते आणि मूत्रपिंडे बिघडतात. लहान पिलाला रोज खाणे लागते, प्रौढाला एक दिवसाआड मोजके पुरते. लठ्ठपणा हाही आजारच आहे, विशेषतः मादीच्या बाबतीत. त्याचे कारण पुढे येईल.

ग्रॅमची वही

रानातील प्राणी आजार लपवतो. दुबळा दिसला की तो कोणाचे तरी भक्ष्य होतो, म्हणून निसर्गानेच त्याला ही सवय लावली आहे. कॅमेलिऑन यात अतिशय निष्णात. तो आजारी ‘दिसू’ लागतो, तेव्हा आजार जुना झालेला असतो. यावर एकच उपाय, नोंदी. स्वयंपाकघरात असतो तसा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा वेगळा घ्यावा, त्यावर एक छोटी फांदी ठेवून वजन शून्यावर आणावे आणि आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, प्राण्याला त्या फांदीवर चढू द्यावे. अंगाला धरून ओढू नये. वहीत तारीख, वजन, काय व किती खाल्ले, विष्ठा केव्हा झाली, कात केव्हा टाकली, एवढे पाच रकाने पुरेत. दीडशे ग्रॅमच्या प्राण्याचे पंधरा ग्रॅम कमी झाले, म्हणजे दहावा हिस्सा गेला. डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, वहीत लगेच उठून दिसतो. हे काम घरातील मुलाकडेच द्यावे. रोजमेळ लिहिण्याची सवय त्याला यापेक्षा चांगल्या निमित्ताने लागणार नाही.

विष्ठेकडेही पाहावे. तपकिरी भागासोबत एक पांढरा भाग असतो, तो या प्राण्याच्या मूत्राचा घट्ट अंश. तो पांढराशुभ्र असेल तर पाणी पुरते आहे. तो गडद पिवळा किंवा नारिंगी झाला आणि डोळ्यांचे उंचवटे आत गेल्यासारखे दिसू लागले, तर प्राणी तहानलेला आहे आणि हे बरेच दिवस चालले असावे.

केव्हा थांबावे, केव्हा निघावे

सर्वांत विश्वसनीय खूण डोळ्यांची. निरोगी कॅमेलिऑन दिवसभर डोळे उघडे ठेवतो आणि दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत राहतो. फवारा चालू असताना किंवा डोळा साफ करताना तो क्षणभर मिटतो, ते वेगळे. पण दिवे चालू असताना तो डोळे मिटून बसलेला दिसला, तर ‘झोप आली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. दिवसा झोपणारा कॅमेलिऑन आजारी असतो. याला अपवाद जवळजवळ नाही. त्याच दिवशी पशुवैद्याला दूरध्वनी करावा.

त्याखालोखाल जागा. उंच बसणारा प्राणी पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसला, फांदीवरून पडू लागला, त्याच्या पंजांची पकड सैल झाली, तर अंगातील शक्ती संपत आल्याचे ते लक्षण आहे. मादी खाली उतरून माती उकरत असेल तर तो प्रश्न निराळा. रंग सतत काळपट राहिला, ऊब मिळूनही उजळला नाही, तर तीही खूण. तोंड उघडून बसणे मात्र दोन कारणांनी घडते. दिव्याखाली उकडत असेल तर तो तोंड उघडून उष्णता टाकतो. अशा वेळी तापमान तपासून दिवा वर घ्यावा. पण सकाळी गारव्यात, दिवा लागण्यापूर्वीच तो तोंड उघडून, मान वर करून श्वास घेत असेल, तोंडाशी फेस किंवा चिकट लाळ असेल, श्वासाबरोबर बारीक आवाज येत असेल, तर तो फुप्फुसाचा संसर्ग समजावा. त्यावर घरगुती उपाय नाही.

हाडांचा आजार हळूहळू येतो आणि सर्वाधिक पिले त्याच्याच खाती जातात. अतिनील दिवा जुना किंवा नसलेला, खाद्यात कॅल्शियम नाही, मग शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून उचल करू लागते. ठेव मोडून रोजचा खर्च भागवावा तसे हे चालते. काही काळ काहीच कळत नाही आणि मग एकदम सारे कळते. पुढचे पाय कोपरापाशी वाकतात, चालताना पोट फांदीला घासते, जबडा मऊ पडतो, बोटे थरथरतात. जीभ अर्ध्यावरच येते किंवा बाहेर येऊन परत जात नाही. निरोगी कॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडापेक्षाही लांब जाते; तिचा नेम चुकू लागला, तर तेवढ्यावरच सावध व्हावे. वेळीच उपचार झाल्यास आजार थांबतो, प्राणी पुढे वर्षानुवर्षे जगतो. वाकलेले हाड मात्र सहसा सरळ होत नाही.

मादीचा प्रश्न तर अनेक घरांत मुळात ठाऊकच नसतो. व्हेल्ड मादी नराचे तोंडही न पाहता अंडी घालते. कोंबडीप्रमाणेच ती अंडी रिकामी असतात, पण त्यांचा भार खराच असतो. वयाच्या सहाव्या महिन्यापासून हे सुरू होऊ शकते आणि एका वेळी वीस ते सत्तर अंडी. जितके खाणे आणि ऊब अधिक, तितकी अंडी अधिक. म्हणून अनुभवी पाळणारे मादीला मोजकेच खाऊ घालतात आणि तिचा दिवा थोडा सौम्य ठेवतात. अंडी घालण्यासाठी तिला सुमारे एक फूट खोल ओलसर वाळूचे भांडे लागते, ते पिंजऱ्यात आधीपासून असावे. ते नसले की ती अंडी पोटात धरून ठेवते. ती जाळीवरून अस्वस्थपणे फिरू लागते, खाणे सोडते, कोपरे खरवडते. वाळूचे भांडे दिल्यावर पिंजऱ्यावर कापड टाकून तिला एकांत द्यावा. कोणी पाहत आहे असे वाटले तर ती खणलेला खड्डा तसाच सोडून देते. एवढे करूनही एक-दोन दिवसांत अंडी आली नाहीत आणि ती डोळे मिटून पडू लागली, तर दवाखान्यास उशीर करू नये. क्ष-किरण चित्रात अंडी स्पष्ट दिसतात. कॅल्शियम आणि इंजेक्शनने काम झाले तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया. अंडी अडकून मादी दगावणे ही या छंदातील फार जुनी आणि बव्हंशी टाळता येण्याजोगी शोकांतिका आहे.

काही प्रसंगी फोनवर वेळ ठरवत बसण्यासही अवकाश नसतो. मागील बाजूने आतील मांसल भाग बाहेर आला आहे आणि परत जात नाही, जीभ लोंबकळते आहे, उंचावरून पडून पाय लटका पडला आहे, दिव्याने खोल भाजले आहे, अंगाला झटके येत आहेत. अशा वेळी बाहेर आलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्याने ओलसर ठेवून तडक निघावे. दोन दिवस न खाणे, एखादी कात अर्धवट राहणे, एका पायाला लहानशी सूज यांसाठी मात्र त्याच आठवड्यातील भेट पुरते. पिलाने मात्र एक-दोन दिवस जरी खाल्ले नाही, तरी ते प्रौढाच्या उपवासासारखे धरू नये.

दवाखान्यात

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर हा प्राणी तपासू शकेल असे नाही, आणि चांगला डॉक्टर तसे प्रांजळपणे सांगतोही. अमेरिकेत सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची स्वतंत्र संघटना आहे, तिच्या यादीतून जवळचा वैद्य शोधता येतो. भारतात मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत विदेशी पाळीव प्राणी पाहणारे पशुवैद्य आहेत. हा शोध प्राणी आजारी पडण्याआधी घ्यावा. किंबहुना नवा प्राणी आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच त्याला एकदा दाखवून, विष्ठेची तपासणी करून घ्यावी. रानातून पकडून विकलेल्या प्राण्यांत जंत हमखास असतात, पैदास केंद्रातील प्राण्यांतही ते आढळतात.

जाताना ती वही न्यावी. पिंजऱ्याची छायाचित्रे, दिव्याचे नाव आणि तो बसविल्याची तारीख, भुकटीचे डबे, आणि शक्य तर ताजी विष्ठा एका लहान डबीत. अर्धे निदान येथेच होते. प्राणी हवेशीर खोक्यात, आत एखादी फांदी किंवा मऊ टॉवेल ठेवून, अंधारात न्यावा. मोटारीत ऊब असावी, पण खोक्यावर ऊन पडू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो काही मिनिटांत दगावू शकतो.

घरातील माणसांची उरलेली प्रतिजैविके, डोळ्यांचे थेंब, जंताच्या गोळ्या यांतले काहीही त्याला देऊ नये. मात्रा ग्रॅमवर ठरते आणि जे औषध माणसाला निरुपद्रवी, ते मूत्रपिंड थकलेल्या सरड्याला मारक ठरू शकते. जबडा उघडून बळेच भरवू नये. मऊ झालेला जबडा त्यात मोडतो.

खर्चाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. परदेशात तपासणी, क्ष-किरण, रक्ताची चाचणी असे करत करत बिल प्राण्याच्या किमतीच्या कित्येक पट होते आणि ‘एवढ्यात नवा येईल’ असे वाक्य घरात कोणीतरी उच्चारतेच. ते मुलासमोर उच्चारले जाऊ नये. पिंजरा घेतानाच वर्षाच्या वैद्यकीय खर्चाची रक्कम बाजूला काढून ठेवली, तर हा प्रसंग येत नाही.

याहून कठीण प्रसंग एक आहे. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या प्राण्याबाबत तिकडचा पशुवैद्य त्याला शांतपणे मरण देण्याचा पर्याय सुचवतो. आपल्यातील अनेकांना तो स्वीकारता येणार नाही. तसे असेल तर वैद्याला ते सरळ सांगावे आणि लगेच पुढचा प्रश्न विचारावा, की त्याच्या वेदना कमी ठेवण्यासाठी काय करता येईल. वेदनाशामक, शरीरात पाणी भरणे, सौम्य ऊब, उतरती फांदी काढून जवळची सपाट जागा, असे बरेच काही करता येते. तत्त्वाचे नाव सांगून प्राण्याला औषधाविना कोपऱ्यात सोडून देणे, याला मात्र कोणतेही शास्त्र पाठिंबा देणार नाही.

राहिला प्रश्न कंटाळा आल्यावरचा. पिंजऱ्यातील जीव मोकळा करणे याला आपल्या परंपरेत फार मोठे स्थान आहे, आणि त्याच भावनेने एखादे कुटुंब सुट्टीच्या दिवशी कॅमेलिऑनला जवळच्या बागेत सोडून येण्याचा विचार करते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तो काही रात्रींत गारठून मरेल. जेथे हवामान मानवते, तेथे उलटी गोष्ट घडते. १९७२ मध्ये हवाई बेटांवर पूर्व आफ्रिकेतून तीन शिंगांचे जॅक्सन जातीचे काही कॅमेलिऑन आणण्यात आले. प्रवासाने ते थकलेले होते, म्हणून दुकानदाराने त्यांना सावरण्यासाठी आपल्या अंगणातील झाडांवर सोडले. ते तेथून पसरले. आज त्यांची संतती बेटांवरील दुर्मीळ स्थानिक गोगलगायी आणि कीटक खाऊन जगते आहे. त्या गोगलगायी जगात अन्यत्र कोठेही नाहीत. फ्लोरिडातही व्हेल्ड कॅमेलिऑनची वस्ती अशीच उभी राहिली आहे. सांभाळणे शक्य नसेल तर तेथील सरीसृप बचाव संस्थेशी, प्राणी विकत घेतलेल्या पैदास केंद्राशी किंवा उपचार करणाऱ्या पशुवैद्याशी बोलावे. नवे घर मिळेपर्यंत दोन-चार आठवडे जातात. तोवर दिवे वेळेवर लावावेत, सकाळचा फवारा चुकवू नये आणि जाताना ती ग्रॅमची वही नव्या माणसाच्या हाती द्यावी.